गरीब तार

१

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालातली, डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारची. त्या साली कापूस उशिरा फुटला, पण असा फुटला की वाटूर फाट्यापासून दोन कोसांवरच्या मोहटाकळीत दिवसा चिटपाखरू दिसत नव्हतं. सगळं गाव वेचणीला. मागे राहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतल्या एक म्हणजे शाळेच्या उषाबाई.

उषाबाई सातवीला शास्त्र शिकवीत. टेबलावर दोन सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि तारेचे दोन तुकडे. तारांच्या मध्ये खिळा ठेवला की बल्ब लागे, खडू ठेवला की लागत नसे. हा प्रयोग त्या सोळा वर्षं करीत होत्या आणि मुलं सोळा वर्षं चुकत होती.

"लाकूड?"

"दुर्वाहक, बाई!"

"कापड?"

"दुर्वाहक, बाई!"

"शाब्बास. पितळी वाटी?"

"दुर्वाहक, बाई!"

उषाबाईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात खिडकीबाहेरून रखमाजीची बैलगाडी खडखडत गेली. रखमाजी बैलांच्या शेपट्या पिळत होता आणि गाडीत कचरू आडवा पडला होता. त्याच्या उजव्या हाताला धोतर गुंडाळलेलं होतं, आणि ते आता पांढरं राहिलं नव्हतं.

कचरू हा ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठ्याचा शिपाई. विहिरीवरच्या मोटरीचा पट्टा निसटला होता, तो बसवायला सकाळी गेला होता. पट्टा हातात असतानाच मोटर सुरू झाली आणि त्याची तीन बोटं चाकात गेली.

"आपोआप चालू झाली हो!" रखमाजी रस्त्याने ओरडत चालला होता. "तिथं कुणी चिटपाखरू न्हाई, अन् आपोआप!"

उषाबाईंना या 'आपोआप' शब्दाचा फार राग. गावात रेडिओ आपोआप बिघडे, शाळेचं कुलूप आपोआप तुटे, परीक्षेत मुलं आपोआप नापास होत. आणि मोटर तर आपोआप चालू होणंच शक्य नव्हतं. तिचं बटण विहिरीवर नव्हतंच. ते गावात होतं, एका लोखंडी पेटीत, कुलपात. त्या कुलपाची किल्ली एकच, आणि ती एकाच बाईच्या पदराला बांधलेली.

२

विहीर नाल्याकाठी, गावापासून किलोमीटरभर. तिथे जाऊन मोटर चालू करणं सगळ्यांच्या जिवावर येई. त्याच साली पावसाळ्याच्या तोंडाशी तालुक्याचे एक हौशी इंजिनिअर आले आणि त्यांनी युक्ती काढली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बटण, आणि तिथून विहिरीपर्यंत दोन उघड्या लोखंडी तारा. बटण दाबलं की दोन तारा एकमेकींना जोडल्या जात, त्यांतून थोडीशी वीज वाहे, तिकडे विहिरीवरची एक डबी खट्ट करी आणि ती डबी मोठी मोटर चालू करी. बटण सोडलं की डबीही सुटे आणि मोटर बंद.

"तारांत फक्त चोवीस व्होल्ट ठेवलेत," इंजिनिअर म्हणाले होते. "हात लावला तरी मुंगी चावल्याएवढंही कळणार नाही."

गावाने हात लावून पाहिला, खरंच काही झालं नाही, आणि त्या दिवसापासून तिचं नाव पडलं गरीब तार. गरीब गाय असते तशी. खांब बाभळीचे, तेही आखूड, कारण सरपंच राधाकिसन यांनी घरचेच दिले. तारा डोक्याच्या वर जेमतेम हातभर, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. पंचायतीतून निघून त्या सरपंचांच्या परड्यातून जात, मग चांगुणाबाईच्या, मग भुजंग मिस्त्रीच्या दुकानामागून, आणि पुढे रानात. महिनाभरात तिन्ही परड्यांत त्यांच्यावर धुणं वाळू लागलं. झंपर-धोतरं एका तारेवर, गोधडी दोन्हींवर.

फक्त धातूचं काही टांगायचं नाही, एवढं गावाला पक्कं ठाऊक होतं. श्रावणात चांगुणाबाईने धुतलेली कढई तारांना अडकवली, मोटर चालू झाली, टाकी भरून वाहिली आणि मारुतीच्या गाभाऱ्यापर्यंत चिखल गेला. ग्रामसभेत चांगुणाबाईची अशी खरडपट्टी निघाली की त्यानंतर कुणी साधी सुईही तारेला टोचली नाही.

पेटीची किल्ली सगुणाबाईकडे. तिचा नवरा धुळाजी पंप ऑपरेटर होता. तो वारला तेव्हा इंजिनिअरांनीच तिचं नाव सुचवलं. बाईमाणूस मोटर चालवते म्हणून वाटूरची माणसं बघायला आली होती. तिच्या दिराला, म्हणजे कचरूला, हे पहिल्यापासून सलत होतं. सोमवारीच नळावर दोघांची जुंपली. कचरूने किल्ली हिसकायला हात घातला आणि सगुणाबाई सगळ्या बायकांसमोर ओरडली, "पुन्हा किल्लीला हात लावला ना भाऊजी, तर बोटं तोडून टाकीन!"

सोमवारी हे बोलणं, आणि गुरुवारी तीन बोटं गेलेली.

दुपारी सरपंचांनी सांगून टाकलं, "रविवारी बैठक. जमादारसाहेब येणार हायेत. बाईला कामावरून काढू, पुढचं ते बघतील."

शाळा सुटल्यावर सगुणाबाई उषाबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते, पण पदराला बांधलेली किल्ली मुठीत गच्च धरली होती.

"बाई, म्या बटण दाबलं न्हाई. पेटीच उघडली न्हाई. माझं काम गेलं तर दोन पोरी घेऊन मी कुठं जाऊ? अन् हातात बेड्या घालून नेलं तर त्या पोरींना कोण पदरात घेईल?"

"मग सांग ना त्यांना."

"सांगितलं. सरपंच म्हणतात, मंग काय आपोआप चालू झाली? तुमी शास्त्राच्या. तुमीच सांगा, आपोआप व्हते का?"

"मुळीच नाही," उषाबाई म्हणाल्या, आणि म्हणून बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या एका वाक्याने आपण सगुणाबाईला फासावर चढवलं आहे.

३

शुक्रवारी शाळा सुटल्यावर उषाबाईंनी रखमाजीला गाठलं. त्याचं शेत विहिरीला लागून.

"मी नांगर धरून राह्यलो होतो. मोटरीचा आवाज आला, मागूनच कचरूची किंकाळी. पळत गेलो. पट्टा खाली पडलेला, मोटर नुस्तीच गुंगुं करून राह्यली."

"तू मेन स्विच बंद केला नाहीस?"

"इजेला हात लावू? मी काय येडा हाय का बाई?"

"आणि कचरूने तरी पट्ट्याला हात लावायच्या आधी मेन स्विच का नाही पाडला?"

"त्याचा दांडा गंजून बसला. दगडानं ठोकावा लागतो. कचरू म्हणायचा, बटण गावात कुलपात हाय, मंग इथं कशाला तरास घ्यायचा."

उषाबाईंनी डोळे मिटले आणि मनात दहा अंक मोजले. मोटर चालू करायची सत्ता किलोमीटरभर दूर, आणि हा माणूस त्या कुलपाच्या भरवशावर चाकात हात घालतो!

"मग मोटर बंद कोणी केली?"

"तेच तर! कुणीच न्हाई. मी त्याला गाडीत घातलं, तंवर चालूच. अन् नाल्याच्या पुलावर एस.टी.नं भोंगा वाजवला, तशी मोटर गप. एकदम. भुतालाबी एस.टी.चं भ्या वाटतं का हो बाई?"

"भूत नाही, रखमाजी. उद्या दुपारी विहिरीवर जाऊन उभा राहा. चाकापासून दहा हात लांब. मोटरीचा आवाज आला की पागोटं हलव."

शनिवारी सकाळची शाळा आटोपून उषाबाई चांगुणाबाईच्या परड्यात स्टुलावर चढल्या. चांगुणाबाई माळवदावर उभी, डोळ्यांवर हात धरून.

उषाबाईंनी लोखंडी उलथनं दोन्ही तारांवर आडवं ठेवलं.

"हलवलं!" वरून आवाज आला. "बाई, पागोटं हलवलं!"

उलथनं काढलं.

"थांबलं!"

पंचायतीतली पेटी कुलपातच होती. म्हणजे कुलूप आणि किल्ली काहीच सिद्ध करत नव्हती. बटण म्हणजे तरी काय, दोन तारांमध्ये पडलेला धातूचा तुकडा. तो किलोमीटरभरात कुठेही पडला तरी मोटरीला सारखाच.

उषाबाईंना वाटलं, झालं, सुटली बिचारी. त्या थेट सरपंचांकडे गेल्या. राधाकिसनरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बराबर हाय बाई. म्हंजे तिनं पेटी उघडलीच न्हाई. बाहेर येऊन तारेवर पळी ठेवली. हुशार बाई!"

४

आता एकच मार्ग होता. गुरुवारी अकराच्या सुमारास तारांवर काय होतं ते शोधायचं.

रानात तारांवर काही अडकलं म्हणावं, तर रखमाजीने शुक्रवारीच तार शेवटपर्यंत पाहिली होती, फांदी नाही की माकड नाही. राहिली तीन परडी.

चांगुणाबाईने कानांना हात लावले. "मी फकस्त गोधडी टाकल्ती. वलीचिंब. दोन तारांवर. भांडं न्हाई, बाई, त्या कढईपासून भांडं बिलकुल न्हाई."

"ओली गोधडी?" उषाबाईंना शंका आली. ओल्या वस्तूतून वीज थोडी वाहते. तीच गोधडी पुन्हा भिजवून तारांवर टाकली. चांगुणाबाई पुन्हा माळवदावर.

"हलवलं का?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई हो. रखमाजी खाली बसला. बिडी काढली वाटतं."

ओल्या गोधडीतून वाहिलीच तर इतकी कमी वाहत होती की डबीला जाग येईना.

भुजंग मिस्त्री जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचा. त्याच्या दुकानात तांब्याच्या तारेची गुंडाळीच गुंडाळी, त्यामुळे गावाचा दुसरा संशय त्याच्यावर. पण तो गुरुवारी सकाळी परतूरला गेला होता आणि त्याच एस.टी.ने परत आला होता. दुकानाला कुलूप. त्याला उतरताना गाडीतल्या दहा जणांनी पाहिलं होतं.

"मिस्त्री, गाडीतून काही दिसलं?"

"काय दिसायचं? गाडी सरपंचाच्या परड्याच्या भिंतीला लागूनच तर थांबती. पुलावरून वळलो तवा भिंतीवरून डोळ्यात लख्ख तिरीप आल्ती. सोन्यावानी. उतरंपरेंत गायब."

"कशाची तिरीप?"

"असंल पितळेची घागर."

पितळेची घागर! सरपंचांच्या परड्यात! उषाबाई पदर खोचूनच सरपंचांच्या घरी गेल्या.

सरपंचांची बायको सोनूबाई ओसरीवर बसली होती. जवळच गोपिकाबाई, सरपंचांची बहीण. ती भोकरदनला दिलेली, गुरुवारच्याच एस.टी.ने मुलीच्या लग्नाची अक्षत घेऊन आलेली. कचरूच्या भानगडीमुळे बैठकीपर्यंत थांबली होती.

"माझ्या परड्यात घागर?" सोनूबाई उसळली. "सरपंचाची बायको हाय मी. मी नियम मोडीन का? देवाची आण घेऊन सांगते, भांडं न्हाई, विळा न्हाई, साधी पळी न्हाई. त्या सटवीला वाचवायला माझ्यावर घेता व्हय?"

ती डोळ्याला डोळा भिडवून बोलत होती. सोळा वर्षं मुलांचं खोटं ऐकलेल्या उषाबाईंना कळलं, ही भांड्याविषयी खोटं बोलत नाही.

सोनूबाईने स्वतःच विषय बदलला. आत जाऊन नवं कोरं लुगडं घेऊन आली, हिरवं, हातभर रुंद काठाचं. "अक्काच्या लेकीच्या लग्नाला. जालन्याहून आणलं. अस्सल जर."

गोपिकाबाईने काठावरून बोट फिरवलं. "चांगलं हाय, वयनी. पण आईचं असतं तर मी माझ्या रुक्मीला तेच नेसवलं असतं. आई दर हिवाळ्यात ते लुगडं काढायची, बाई. परड्यात शेजारी शेजारी दोन दोऱ्या बांधायची अन् त्यावर पसरायची. एका दोरीवर टाकलं तर घडीवर जर मोडती म्हणायची. गेलं ते. कसरीनं पार चाळणी केली."

"जाऊ द्या की आता अक्का, किती येळा तेच," सोनूबाई म्हणाली आणि घाईने चहा टाकायला उठली.

उषाबाई परड्यातून बाहेर पडल्या. तारांच्या बरोबर खाली मातीत काहीतरी पांढरं दिसलं. त्यांनी उचललं. डांबरगोळी होती, झिजून हरभऱ्याएवढी झालेली.

५

घरी येऊन उषाबाई चिडून बसल्या. गोधडी वाळते तिथे डांबरगोळी कशाला? धातू नाही म्हणते, तेही खरं बोलते. मग चकाकलं काय? आणि भोंगा वाजताच काढून का घेतलं? गाडीतल्या माणसांना दिसू नये असं काय होतं ते?

हातातली गोळी टाकवेना. कामाला येईल म्हणून त्यांनी स्वतःची लग्नातली ट्रंक उघडली. गोळी आत ठेवायला हात घातला, आणि तो हात तिथेच थांबला.

"कापड?" "दुर्वाहक, बाई!" "शाब्बास."

सोळा वर्षं! सोळा वर्षं आपणच शाब्बास म्हणत आलो!

त्यांनी ट्रंकेतून एक वस्तू बाहेर काढली. टेबलावर दोन सेल मांडले, बल्ब जोडला, तारेची दोन टोकं त्या वस्तूवर वीतभर अंतरावर टेकवली.

भर दुपारच्या उजेडात बल्ब लागला.

ती वस्तू कोणती ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सगुणाबाई सायंकाळी चौकशीला आली तेव्हाही नाही. "उद्या बैठकीला ये. किल्ली पदरालाच असू दे," एवढंच म्हणाल्या. कारण त्यांना एक अडचण होती. सोनूबाईकडे जाऊन 'ते दाखव' म्हटलं तर ती 'नाहीच' म्हणणार, आणि चुलीत घालायलाही कमी करणार नाही. ते आहे हे तिच्याच तोंडून यायला हवं होतं.

६

रविवारी पंचायतीच्या ओट्यावर अख्खं गाव. खुर्चीवर जमादार, शेजारी सरपंच. कचरू पांढऱ्या पट्ट्यांचा हात गळ्यात अडकवून बसलेला. जालन्याच्या दवाखान्यातून सकाळीच आला होता. बायका एका बाजूला, पुढे गोपिकाबाई आणि तिच्या शेजारी नवं हिरवं लुगडं नेसून सोनूबाई. कुणाचं काम जाणार आहे याचा तिच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता.

"कचरू, तुझा संशय कुणावर?" जमादारांनी विचारलं.

"वहिनीवरच. बोटं तोडीन म्हणली, तोडली. किल्ली तिच्याकडंच."

सगुणाबाई उभी राहिली. "तोंडानं म्हणले, भाऊजी. रागात म्हणले. पण धुळाजीच्या भावाचा हात मी चाकात घालीन?"

"साहेब," उषाबाई म्हणाल्या, "मला दहा मिनिटं द्या."

"बाई, ही शाळा न्हाई," सरपंच म्हणाले.

"शाळा असती तर तुम्हांला पहिल्या बाकावर बसवलं असतं. हलू नका."

गाव हसलं. उषाबाईंनी जमादारांसमोरच्या टेबलावर सेल, बल्ब, तारा मांडल्या. "या दोन तारा म्हणजे आपली गरीब तार. बल्ब म्हणजे मोटर. आता बघा." उलथनं ठेवलं, बल्ब लागला. ओलं धोतर, नाही. गोधडीचा कोपरा, नाही. काचेची बांगडी, नाही.

"हे आमाला ठावं हाय," सरपंच वैतागले. "कपड्यातून वीज जात न्हाई."

"एकच कपडा राहिलाय. सोनूबाई, जरा काठ इकडे करा. गावात सगळ्यांत भारी लुगडं तुमचंच."

सोनूबाई ऐटीत पुढे आली. उषाबाईंनी दोन टोकं त्या रुंद, झगझगीत काठावर टेकवली. बल्ब लागला नाही. त्यांनी जागा बदलून पाहिलं. नाही.

"अरेरे," उषाबाई म्हणाल्या. "ही जर नाही हो. चमकीची प्लास्टिकची पट्टी आहे. खोटी."

बायकांमध्ये खसखस पिकली. सोनूबाईचा चेहरा लालबुंद झाला.

"खोटी? कोण म्हणतं खोटी? मला जर वळखता येत न्हाई व्हय? घरातून बाहेर काढून, सासूबाईच्या लुगड्याशी काठाला काठ लावून ताडून पाह्यलं म्या! गुरुवारी उन्हात पाह्यलं! बराबर तसंच—"

ती थांबली, पण शब्द तोंडातून गेले होते.

गोपिकाबाई हळूहळू उठली. "कोणतं लुगडं, वयनी?"

सोनूबाई मागे सरकली.

"वयनी, आईचं लुगडं तर कसरीनं खाल्लं ना?"

उषाबाईंना त्या क्षणी जिंकल्याचा आनंद झाला नाही. गोपिकाबाईच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. पण पलीकडे सगुणाबाई किल्ली मुठीत धरून उभी होती, म्हणून त्या बोलल्या.

"साहेब, जुनी अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार. कापड दिसतं, पण असतो धातू. काल मी माझ्या लग्नाच्या शालूवर तपासलं, बल्ब लख्ख लागला. सोनूबाईंनी गुरुवारी सगळं गाव रानात बघून सासूबाईंचं लुगडं परड्यात काढलं. घरची शिकवण अशी की जरीचं लुगडं एका दोरीवर टाकायचं नाही, दोन दोऱ्यांवर पसरायचं. मागच्या हिवाळ्यापर्यंत त्या दोन दोऱ्या बांधत असतील. यंदा आयत्या दोन तारा मिळाल्या. काठ दोन्ही तारांवर पडला, डबीने खट्ट केलं, आणि तिकडे कचरूच्या हातात पट्टा होता. मग पुलावर भोंगा वाजला. गाडी यांच्याच भिंतीला लागून थांबते, माणसं आत बघतात, म्हणून यांनी लुगडं ओढून घेतलं. मोटर बंद. भुजंगला दिसली ती तिरीप जरीची. खाली पडली ती डांबरगोळी घडीतली. सोनूबाईंनी मोटर चालू केली हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. भांडं टांगलं नाही ही त्यांची आण खरीच होती."

"हे सगळं तुमचं बोलणं झालं," जमादार म्हणाले. "पुरावा?"

सरपंचांनी बायकोकडे पाहिलं. मग स्वतः उठले आणि घरी गेले. परत आले तेव्हा हातावर जांभळं लुगडं होतं, काठ मंद सोन्याचा. गोपिकाबाईने तोंडाला पदर लावला. राधाकिसनराव कुणाशी न बोलता ओट्यामागे गेले, जिथून तारा निघत, आणि ते लुगडं दोन तारांवर पसरलं.

रखमाजीला उषाबाईंनी सकाळीच विहिरीवर उभं केलं होतं आणि चांगुणाबाईला माळवदावर. नाल्याकडून बारीक गुणगुण ऐकू आली. मग माळवदावरून चांगुणाबाईचा आवाज, "हलवलं! रखमाजीनं पागोटं हलवलं!"

सगुणाबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. कचरू उठून तिच्याजवळ गेला. पट्ट्यांचा हात त्याने तिच्या डोक्याशी नेला.

"भाऊजी," ती डोळे पुसत म्हणाली, "तो मेन स्विच ठोकायला तुमाला एक दगड सापडला न्हाई का हो?"

उषाबाईंना वाटलं, चार दिवसांत कुणीतरी एक शहाणा प्रश्न विचारला.

७

जमादारांनी अपघात अशी नोंद केली. तारा त्याच महिन्यात निघाल्या आणि उंच लोखंडी खांबांवरून रबराची केबल गेली. बायकांनी वर्षभर कुरकुर केली की गरीब तारेवर धुणं किती छान वाळायचं.

मेन स्विच नवा बसला. सगुणाबाईने स्वतःचा नियम घातला की मोटरीला हात लावणाऱ्याने आधी तिथला फ्यूज उपसून आपल्या खिशात टाकायचा, आणि काम झाल्यावर स्वतःच्या हाताने परत बसवायचा. कुणाच्या कुलपाच्या भरवशावर राहायचं नाही. कचरू उरलेल्या दोन बोटांनी तो पांढरा फ्यूज काढी आणि वर्षानुवर्षं विहिरीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवी. तो दोन हजार तीन साली वारला. सदऱ्याच्या खिशात फ्यूज निघाला, आणि गावाला दोन दिवस पाणी का नव्हतं ते तेव्हा कळलं.

रुक्मीने लग्नात आजीचं लुगडं नेसलं. गोपिकाबाई त्यानंतर माहेरी येत राहिली, पण भावजयीच्या हातचा चहा घ्यायला तिला सात वर्षं लागली. राधाकिसनराव पुढची निवडणूक हरले. भुजंगने जाफराबादला मोठं दुकान टाकलं. रखमाजी शेवटपर्यंत म्हणत राहिला की जर-बिर ठीक, पण मोटर एस.टी.ला भ्याली.

सोनूबाईला लुगडं लपवल्याचं कधी काही वाटलं नाही. जर खोटी निघाली, तीही चारचौघांत, याबद्दल मात्र तिने उषाबाईंना जन्मभर क्षमा केली नाही.

उषाबाईंनी बैठकीनंतरच्या सोमवारीच वर्गात 'कापड' विचारलं. "दुर्वाहक!" म्हणून पोरं ओरडली. "कोणतं कापड?" उषाबाईंनी विचारलं, आणि सगुणाबाईच्या धाकट्या मुलीचा हात वर गेला. ती पुढे वीज मंडळात लागली.

दोन हजार एकमध्ये उषाबाई निवृत्त झाल्या. निरोपाला गावाने शाल दिली, नारळ दिला. सगुणाबाई सगळ्यांत शेवटी आली. तेव्हाही ती कामावर होती आणि किल्ली पदरालाच होती. तिने कागदात गुंडाळलेलं एक लुगडं पुढे केलं. साधं सुती, काठ सुताचाच, कुठे चमक नाही.

"तपासून घ्या, बाई," ती म्हणाली. "हे कुठंबी वाळत घाला."